लक्ष कुठे आहे?

आपल्या शाळांतून प्रार्थना आणि प्रतिज्ञा दिवसातून एकदाच होतात. 'लक्ष कुठे आहे तुझं?' हा सवाल मात्र तासातासाला झडत असतो. गंमत अशी, की विचारणाऱ्या गुरुजींना उत्तर नकोच असते. आणि मुलाने ते द्यावे तरी कसे? लक्ष म्हणजे काय, ते किती ठिकाणी पुरते, कशाने सुटते, हे त्याला कुणी कधी दाखवलेलेच नसते. पानाचा छेद दाखवतात, हृदयाचे कप्पे फळ्यावर काढून दाखवतात. ज्या मनाच्या बळावर हे सारे शिकायचे, त्याच्याशी मात्र मुलाची ओळख होते ती केवळ बोलणी खाताना!

वस्तुतः ही ओळख पाचवी-सहावीच्या वर्गात सहज करून देता येईल. त्यासाठी टॅचिस्टोस्कोप लागत नाही. (आपल्याकडील महाविद्यालयीन प्रयोगशाळांतून ते यंत्र बहुधा कपाटातच विश्रांती घेत असते, हा भाग वेगळा.) एक कागद, एक पेन्सिल आणि सेकंदकाटा असलेले एक घड्याळ पुरे. मुलांना आधी क पासून ञ पर्यंतची दहा अक्षरे सलग लिहू द्यावीत, मग १ ते १० आकडे, आणि दोन्हींचा मिळून लागलेला वेळ टिपून घ्यावा. नंतर तेच काम आलटून पालटून करायला सांगावे : क, १, ख, २, ग, ३... अक्षरे तीच, आकडे तेच, हातही तोच. पण वेळ चांगलाच वाढतो. मध्येच कुणीतरी थबकून 'ङ' झाला की नाही हे आठवू लागतो आणि वर्गात खसखस पिकते. मन एका कामावरून दुसऱ्यावर जाताना दर खेपेस थोडी पट्टी भरते, ही गोष्ट त्या मुलाच्या स्वतःच्या कागदावर उमटलेली असते. अभ्यास करता करता मोबाइल पाहू नये, हे आपण मुलांना शंभरदा सांगतो. इथे मुलगा ते स्वतः मोजतो.

दुसरा प्रयोग जे. आर. स्ट्रूप यांनी १९३५ मध्ये प्रसिद्ध केलेला. 'लाल' हा शब्द हिरव्या शाईने, 'निळा' हा पिवळ्या शाईने, असे वीसेक शब्द लिहावेत. शब्द वाचायचा नाही, शाईचा रंग तेवढा सांगायचा. चांगली चुणचुणीत मुलेही अडखळतात. कारण वाचनाची इतकी सवय झालेली असते, की 'वाचू नकोस' असे बजावले तरी मन वाचून मोकळे होते. ज्याला अद्याप अक्षरओळख नाही, त्याला हा घोटाळा ठाऊकच नाही. वर्गात वाचनात मागे पडलेल्या मुलाला इथे चुणचुणीत मुलेही अडखळताना दिसतात. असा दिवस त्याच्या वाट्याला एरवी कितीसा येतो?

तिसरा प्रयोग पट्टीचा. एकाने पट्टी वरून सोडायची, दुसऱ्याने चिमटीत पकडायची. २० सेंटिमीटर घसरली तर पकडायला सुमारे एकपंचमांश सेकंद लागला असे समजावे. मग पकडणाऱ्याला शंभरातून तीन-तीन वजा करत मोठ्याने बोलायला लावावे. पट्टी बहुधा आणखी खाली जाते.

या खेळांत मौज आहेच. परंतु मौजेसाठी मी ते सुचवीत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळालाही बंदी केली. तरीसुद्धा ज्याचे लक्ष उडते तो मुलगा आळशी, उनाड किंवा 'ढ' ही समजूत कायम आहे, आणि कालांतराने मुलगाच ती खरी मानू लागतो. हे प्रयोग सांगतात, की लक्षाला मर्यादा आहे आणि ती गुरुजींनाही आहे. गुरुजींनी फळ्यापाशी उभे राहून रंगांच्या शब्दांत एकदा अडखळून दाखवावे. लक्ष न लागणे हा गुन्हा नव्हे, हे साठ मुलांना त्याहून लवकर कशाने पटेल?

आक्षेप ठाऊक आहेत. अभ्यासक्रम पुरा होत नाही, साधने नाहीत, मुले गोंधळ घालतील. साधनांचे म्हणाल, तर मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली १६ शाळांतून सुरू झालेल्या कार्यक्रमात खेड्यापाड्यांतील मुले साध्यासुध्या वस्तूंनी प्रयोग करून विज्ञान शिकत होती. शासनाने २००२ मध्ये तो बंद केला, पण मुलांना जमत नाही हे म्हणणे त्याने खोटे ठरवले होते. गोंधळ होईल, हे मात्र मान्य! माझी भीती वेगळीच आहे. आपल्याकडे कशाचीही परीक्षा व्हायला वेळ लागत नाही. उद्या 'लक्षात प्रथम क्रमांक' म्हणून बक्षीस ठेवले गेले, तर सारे मुसळ केरात. मुलाचे आकडे त्याच्याच वहीत राहावेत. आणि पाच मिनिटांच्या खेळावरून कोणा मुलाला आजारी ठरवण्याचा शहाणपणा तर मुळीच नको. ते काम तज्ज्ञांचे.

ज्ञानेश्वरांनी नवव्या अध्यायाच्या आरंभी श्रोत्यांकडे अवधान मागितले आहे. हुकूम सोडलेला नाही, आणि बदल्यात सुखाचे आश्वासनही दिले आहे. मानसशास्त्राच्या पुस्तकांनी हाच शब्द उचलला. त्यातली विनंती तेवढी मागे राहिली.

आपल्या महाविद्यालयात मानसशास्त्र घेतलेल्या विद्यार्थ्यांनी प्रात्यक्षिकासाठी 'प्रयोज्य' म्हणून दरवर्षी एकमेकांनाच धरण्याऐवजी पहिल्या सत्रात जवळच्या शाळेतला एकेक तास मागून घ्यावा. मुख्याध्यापकांची परवानगी, तीस सेंटिमीटरच्या पट्ट्या, रंगीत स्केचपेने आणि एका बाजूने कोरे असलेले जुने कागद एवढ्यावर काम भागेल. कागद तर आपल्या कार्यालयातच ढिगाने पडले आहेत.