कोणाच्या खोलीचं तापमान?

मे महिन्यातली रात्र, नाशिकचं बऱ्यापैकी हॉटेल. वेटर पांढऱ्या रुमालात धरलेली शिराझची बाटली आणतो, बूच काढून बशीत ठेवतो आणि ओततो ती वाइन असते 33 अंशांची. कोणी ‘जरा गार करून आणा’ म्हटलंच, तर टेबलावरचा जाणकार किंचित हसतो. रेड वाइन खोलीच्या तापमानालाच प्यायची असते, हे त्याला पाठ असतं. जुनी तितकी उंची, बूच असेल तरच खरी, बर्फ म्हणजे पाप, ही त्याच पोथीतली पुढची पानं.

जाणकाराचा पक्ष अगदीच पोकळ नाही. तो म्हणतो, हे नियम म्हणजे नखरे नव्हेत. तापमान बदललं की चव बदलते. खरंच आहे. फार गार केलेल्या रेड वाइनमधला टॅनिनचा तुरटपणा जिभेवर चढून बसतो. फार कोमट वाइनमध्ये फळाचा वास मागे पडतो आणि अल्कोहोल नाकात झोंबतं. पण तापमान इतकं महत्त्वाचं असेल, तर ‘खोली’ हे माप चालेलच कसं? हा नियम ठरला तो युरोपातल्या दगडी, जेमतेम ऊब असलेल्या घरांत. तिथली खोली म्हणजे 16 ते 18 अंश. नाशिकची मे महिन्यातली खोली त्याच्या दुप्पट तापलेली असते. तिथे नियमाचा शब्द पाळला की नियमाचा हेतू मोडतो.

जुन्या वाइनचं कौतुकही असंच उसनं आहे. मुरायला मुळात काहीतरी भांडवल लागतं: भरपूर टॅनिन, आम्लता किंवा साखर. बारोलो, सोतेर्न, व्हिंटेज पोर्ट यांच्यापाशी ते असतं, म्हणून त्या दशकानुदशकं टिकतात. पण जगातली बहुतेक वाइन पहिल्या काही वर्षांतच पिण्यासाठी केलेली असते. खुद्द फ्रान्समध्ये बोजोले नुव्होची बाटली तोडणीनंतर दोन-अडीच महिन्यांत, नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी विक्रीला येते आणि लोक ती गारच पितात. मराठी घरांत मात्र कोणीतरी भेट दिलेली शेनिन ब्लांक शोकेसमध्ये, ट्यूबलाइटखाली, चांगल्या प्रसंगाची वाट पाहत चार उन्हाळे काढते. उघडते तेव्हा रंग गडद पिवळा आणि चव मेलेली. नागपूरच्या उन्हाळ्यात कपाटावर बिनधास्त राहील अशी वाइन म्हणजे फार तर मदेरा. तिची पिंपं एकेकाळी जहाजांतून उष्ण कटिबंध ओलांडून हिंदुस्थानापर्यंत जाऊन परतत आणि त्या प्रवासात चव सुधारते असं ध्यानात आलं. आता तिचे साधे प्रकार तीन महिने 45 ते 50 अंशांवर मुद्दाम तापवतात. शेनिनचं नशीब तसं नाही.

बुचाचं सोवळं तर बूच वापरणाऱ्यांनीच सोडलं आहे. बुचातून टीसीए नावाचं संयुग वाइनमध्ये उतरलं की तिला ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो. या त्रासाला कंटाळून ऑस्ट्रेलियात क्लेअर व्हॅलीतल्या उत्पादकांच्या एका गटाने 2000 सालची रिझलिंग फिरकीच्या झाकणात भरली. न्यूझीलंड लगेच मागोमाग गेला आणि आज तिथे बूच शोधावं लागतं. यजमानाला आधी घोटभर चाखायला देण्याचा विधी मुख्यतः बाटली अशी बिघडलेली नाही ना, हे पाहण्यासाठीच आहे. तो कळला नाही की फिरकीचं झाकणसुद्धा कौतुकाने हुंगायला पुढे केलं जातं.

यावर जाणकार शेवटचा हुकमी पत्ता टाकतो: परंपरा. कुठली? प्राचीन ग्रीक वाइनमध्ये पाणी मिसळून पीत आणि नुसती पिणाऱ्याला रानटी समजत. एकोणिसाव्या शतकातल्या शॅम्पेनमध्ये लिटरमागे शंभर ग्रॅमच्या वर साखर असायची. इंग्लंडच्या गिऱ्हाइकाला कोरडी वाइन हवी होती, म्हणून शॅम्पेन-उत्पादक मादाम पोमेरींनी 1874 ची ‘ब्रूत’ बाजारात आणली. आजच्या ब्रूतमध्ये लिटरमागे 12 ग्रॅमच्या आतच साखर चालते. स्पेनमध्ये उन्हाळ्यात रेड वाइनमध्ये गोड सोडा आणि बर्फ घालतात आणि त्याला ‘तिंतो दे व्हेरानो’ म्हणतात. प्रत्येकाने आपलं हवामान आणि आपला बाजार बघून रीत पाडली.

नाशिकने शेतात तेच केलं आहे. एप्रिलमध्ये खरड छाटणी, पाऊस सरता सरता फळछाटणी आणि जानेवारी ते मार्च तोडणी, म्हणजे युरोपच्या वेळापत्रकाच्या बरोबर उलट. घड वाढतात ते थंडीत. दुपारी पारा तिशीकडे, पहाटे दहाच्या आसपास आणि निफाडला त्याहून खाली. गार रात्रींमुळे मण्यातली आम्लता टिकते. मार्च तापू लागला की साखर भराभर चढते, आम्लता उतरते, म्हणून तोडणी पहाटेच उरकण्याची धडपड. इथल्या सुला वायनरीच्या पहिल्या बाटल्या 2000 साली आल्या. इतक्या कोवळ्या परंपरेने पिण्याच्या बाबतीत मात्र म्हाताऱ्यासारखं का वागावं?

इथली सोव्हिन्यों ब्लांक आणि शेनिन वर्ष-दोन वर्षांत, 8 ते 10 अंशांवर प्यावी. किंचित गोडसर शेनिन तिखटाबरोबर जमते, कारण टॅनिन आणि जास्त अल्कोहोल मिरचीची आग भडकवतात, तर गारवा आणि थोडी साखर ती शमवतात. कुरकुरीत बोंबील, कोथिंबीर वडी, भरली वांगी, तिघांशीही तिचं पटतं. माशांबरोबर व्हाइटच हवी, हेही सक्तीचं नाही. पोर्तुगीज माणूस खारवलेल्या बकल्यावबरोबर खुशाल रेड पितो. लाकडी पिंपात मुरवलेली नाशिकची शिराझ काही वर्षं ठेवायला हरकत नाही, पण गार जागा असेल तरच.

रेडसाठी युरोपीय पुस्तकांतला ‘वीस मिनिटं फ्रिजमध्ये’ हा सल्लाही इथे अपुरा पडतो. 33 अंशांची बाटली 18 वर यायला फ्रिजमध्ये दीड-दोन तास लागतात. बर्फ आणि पाणी घातलेल्या बादलीत पंधरा-वीस मिनिटं पुरतात. नुसता बर्फ नको, पाणी हवंच, कारण बर्फाचे खडे बाटलीला जेमतेम टेकतात. नियमांचा आग्रह ज्यांना धरायचाच आहे, त्यांनी तो दुकानदाराकडे धरावा: काचेच्या दर्शनी कपाटात, उन्हाच्या तिरिपेत उभ्या केलेल्या बाटल्या आधी आत घ्या.