वाचायचं ते जोडा, मोजायचं ते मोकळं ठेवा



धंदा नवीन असतो तेव्हा आपण सगळी माहिती मिळेल त्या रकान्यात कोंबतो. महिनाअखेरीला रिपोर्ट एक्सेलमध्ये उतरवतो आणि रात्री बसून हाताने साफ करतो. माझ्या मते हे काम नाही, ही दर महिन्याची हमाली आहे. माहिती सुटी साठवा आणि जोडायची ती रिपोर्टमध्येच, फॉर्म्युल्याने जोडा.

आधी पत्ता बघू. आमच्या कांजूरमार्गचे रेल्वेमुळे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झालेत. पत्ता एकाच रकान्यात असला की कुणी 'कांजूर (प)' लिहितं, कुणी 'कांजूरमार्ग वेस्ट', कुणी नुसतंच 'एलबीएस मार्ग'. मग पश्चिमेच्या डिलिव्हरी किती, हे फिल्टर लावून कळत नाही आणि पोरगा पूल ओलांडून दोनदा जातो. म्हणून खोली, इमारत, रस्ता, पूर्व-पश्चिम, पिन कोड हे सगळे रकाने वेगळे ठेवा. लेबलवरचा पूर्ण पत्ता फॉर्म्युला बनवेल.

गूगल शीटमध्ये आणि नव्या एक्सेलमध्ये त्यासाठी 'टेक्स्टजॉइन' आहे. त्यात रिकामे रकाने वगळायची सोय आहे, तिथे 'ट्रू' द्या. नाहीतर 'खोली 4, , , कांजूरमार्ग' असं छापून येतं. अ‍ॅक्सेस वापरत असाल तर एक फरक लक्षात ठेवा. & ने जोडताना एक रकाना रिकामा असला तरी बाकीचे येतात, पण + ने जोडलं तर सगळी जोडणीच रिकामी होते. याचा फायदाही घेता येतो. कंसात स्वल्पविराम आणि इमारतीचं नाव + ने जोडा आणि तो कंस पुढे & ने जोडा. इमारत नसली की तिचा स्वल्पविरामही जातो.

पण सगळंच जोडू नका. रकमेला '₹' आणि '/-' फॉर्म्युल्याने चिकटवलेत की ती रक्कम अक्षरं होते आणि एक्सेलची बेरीज ती धरतच नाही. बिल नंबर मात्र जोडून बनवा: दुकानाचा कोड, वर्ष, अनुक्रमांक, उदाहरणार्थ 'केएम/25-26/0047'. जीएसटीच्या नियमात बिल नंबर 16 अक्षरांच्या आत हवा. अनुक्रमांक सुटा असला की मधलं हरवलेलं बिल लगेच सापडतं.

एक्सपोर्ट करताना खरी गंमत एक्सेल करतं. डाळीचा एचएसएन 0713, पण सीएसव्ही फाइल डबल क्लिक करून उघडली की तो 713 होतो. '3-4' असा बिल नंबर तारीख होऊन बसतो. लांब आकड्याचे पहिले 15 अंकच टिकतात, पुढच्यांचं शून्य होतं. म्हणून फाइल 'डेटा' टॅबमधून आत घ्या आणि असे रकाने 'टेक्स्ट' ठेवा.

जीएसटी नंबर 15 अक्षरांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे (महाराष्ट्राचा 27), पुढची दहा अक्षरं पॅन. त्यामुळे पॅनसाठी वेगळा रकाना भरायची गरज नाही, फॉर्म्युला तो काढून देतो. आणि दहा अक्षरं हाताने पुन्हा टाइप करायची नाहीत, म्हणजे चुकायची एक जागा कमी.

'एवढ्याशा दुकानाला हे कशाला?' असं बरेच जण विचारतात. रोजची दहा बिलं म्हणजे वर्षाला तीन हजारांच्या वर. त्यातल्या एका बिलावर व्यापारी ग्राहकाचा जीएसटी नंबर चुकला, तर ते बिल त्याच्या 2बी मध्ये दिसत नाही. 1 जानेवारी 2022 पासून तिथे न दिसणाऱ्या बिलाचं क्रेडिट त्याला घेता येत नाही. तो एकदा फोन करून सांगेल, दोनदा सांगेल. तिसऱ्या वेळी माल दुसरीकडून घेईल.

तेव्हा आज दुकान बंद करण्याआधी एवढंच करा. ग्राहकांची यादी उघडा आणि पत्त्याचा रकाना फोडा. पहिल्या पन्नास ग्राहकांपासून सुरुवात केली तरी पुरे.