शंभर टक्के हजेरी

मागच्या महिन्यात लेकीच्या शाळेतून एक कागद आला. वर्षभरात एकही दिवस न चुकवणाऱ्या मुलांना स्नेहसंमेलनात मेडल आणि प्रमाणपत्र मिळणार आहे, तरी पालकांनी सहकार्य करावे, वगैरे. त्या कागदाचा परिणाम असा झाला की आठवड्याभराने अंगात १०१ ताप असताना आमची पाचवीतली कन्या सकाळी साडेसहाला युनिफॉर्म घालून, दप्तर पाठीला लावून दारात उभी! "आई, माझी एकपण ॲबसेंटी नाहीये अजून.." मी तिला परत झोपवलं. भरपूर रडारड झाली. त्या दिवशी मी तिची जगातली एक नंबरची शत्रू होते.

२०२० आणि २१ ची दोन वर्षं आपण सगळ्यांनी घरात काढली, शिंक आली तरी शेजारी दार लावून घेत होते, आणि आता तापातसुद्धा शाळेत येणाऱ्या मुलाला मेडल! असो.

संध्याकाळी अण्णांचा फोन आला. माझे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी होते. १९६८ ला लागले, २००३ ला निवृत्त झाले. नोकरीची बहुतेक वर्षं बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या गावांत गेली. नातेवाईकांना सांगायला नकोच, पण इतरांसाठी सांगते, अण्णा लग्नाच्या मांडवात शिरले तरी आधी विचारतात, "पट किती, हजर किती?" मेडलची गोष्ट सांगितल्यावर मला वाटलं होतं की ते हसतील. ते म्हणाले, "तुला मिळालं होतं की ते बक्षीस. मीच दिलं होतं." आणि मग बराच वेळ काही बोलले नाहीत.

ते का गप्प झाले ते मला माहीत होतं.

साल १९८७-८८. मी चौथीत, आणि वर्गावर अण्णाच. आमच्या भागात दसरा झाला की मुकादमांचे ट्रक गावात यायला लागतात. उचल आधीच घेतलेली असते, त्यामुळे जायचं की नाही हा प्रश्नच नसतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. असे पंधरा-वीस कोयते एका टोळीत. भांडीकुंडी, शेळी, कोंबड्या आणि पोरं ट्रकमध्ये घालून माणसं पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात कारखान्यावर जातात. ती परत येतात ती पाडव्याच्या आगेमागे. सहा महिने गावात म्हातारी माणसं आणि कुलपं.

तागाच्या पट्टीवर माझ्या शेजारी जी मुलगी बसायची, ती त्या वर्षी गेली. नाव लिहीत नाही, ती कुठे असेल कुणास ठाऊक आणि तिला विचारलेलं नाही. हिशोबात माझ्यापेक्षा कितीतरी हुशार होती. पावकी-निमकी घडाघडा म्हणायची. तिला धाकटा भाऊ होता, वर्ष-दीड वर्षाचा. आई-बाप फडात उतरले की कोपीवर त्याला कोण बघणार? म्हणून ती गेली.

२६ जानेवारीला झेंडावंदनानंतर मला पूर्ण हजेरीचं बक्षीस मिळालं. दोनशे पानी दोन वह्या आणि एक स्टीलचा पेला. गुरुजींची मुलगी, घर शाळेपासून पन्नास पावलांवर, आई घरीच. मी शाळा चुकवून जाणार तरी कुठे? पण तेव्हा मला वाटलं होतं की मी फार मोठं काहीतरी केलंय. तो पेला अजून घरात आहे.

पाडव्यानंतर ती परत आली. काळवंडलेली, हाताला उसाच्या पाचटाने कापल्याच्या बारीक रेघा. सरळ येऊन आपल्या जागेवर बसली. अण्णांनी हजेरी घ्यायला सुरुवात केली. माझं नाव आलं, मी हजर म्हटलं. पुढचं नाव तिचं असायचं. ते आलंच नाही. सलग इतके दिवस गैरहजर म्हणून नियमाप्रमाणे पटावरून कमी झालं होतं. हजेरी संपून अण्णांनी वही मिटली, तरी ती वाट बघत ताठ बसली होती. मग अगदी हळू म्हणाली, "गुरुजी, माझं राहिलं."

अण्णांनी तिला नियम समजावून सांगितला. पुन्हा नाव घालू, वडिलांना घेऊन ये म्हणाले. अजिबात रागावले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी ती आली नाही, आणि नंतरही कधी आली नाही.

हे आमच्या घरात फारसं कुणी बोलत नाही. पण पुढच्या वर्षी दसऱ्याच्या पंधरा दिवस आधीपासून अण्णा संध्याकाळी घरोघर जाऊन बसायला लागले. (दादाला आठवत असेल, त्याला कंदील धरायला न्यायचे.) भाषण-बिषण काही नाही. चहा प्यायचा आणि विचारायचं, यंदा कुठला कारखाना? किती जण जाणार? पोराला आजीजवळ ठेवलं तर अडचण काय? आणि अडचण खरीच असायची. आजीला दिसत नाही, भाकरी कोण करणार. किंवा धाकट्याला कोण सांभाळणार. किंवा पोरगी नववीतली आहे, मागे एकटी कशी ठेवू. काही घरं तयार झाली, बरीच झाली नाहीत. धाकट्या भावंडांना वर्गात आणायची परवानगी अण्णांनी स्वतःच देऊन टाकली. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं होतं, ही शाळा आहे की पाळणाघर? मंगळवारी बाजाराच्या दिवशी निम्मा वर्ग गायब असायचा, म्हणून त्या दिवशी शाळा सकाळची केली. हे सगळं नियमात बसत होतं की नाही, मी विचारलेलं नाही.

शाळेत मुलं यावीत म्हणून काय काय केलं गेलंय ते मी अधूनमधून वाचत असते. शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, तेव्हा मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड होता. तेव्हाचा रुपया म्हणजे काय चेष्टा नाही! आणि १९९२ पासून आपल्या राज्य सरकारने गरीब घरांतल्या मागासवर्गीय मुलींना पहिली ते चौथी उपस्थिती भत्ता सुरू केला. किती, तर हजर दिवसाला एक रुपया. तेव्हाचा दंडही रुपया आणि आताचं बक्षीसही रुपया, मधे पाऊणशे वर्षं गेली. महाराजांचा दंड त्या काळात बरोबरच होता असं मला वाटतं, शाळा ही घराने मनावर घ्यायची गोष्ट आहे हे तेव्हा ठणकावून सांगायची गरज होती. पण ज्या आईने उचल घेतली आहे, तिला शाळेचं महत्त्व माहीत नाही म्हणून ती मुलीला घेऊन जाते असं थोडंच आहे?

दुपारच्या जेवणाची गोष्ट अण्णांच्या तोंडून ऐकण्यासारखी आहे. १९९५ च्या १५ ऑगस्टला केंद्राची योजना सुरू झाली, तेव्हा बहुतेक ठिकाणी शिजवलेलं काही नव्हतं. महिन्याला तीन किलो तांदूळ, आणि अट ८० टक्के हजेरीची. झालं! आता कुठला गुरुजी ७२ टक्केवाल्या पोराच्या घरचा तांदूळ अडवेल? अण्णांच्या पेनाने किती जणांचे ८० टक्के भरले ते विचारू नका. म्हणजे तांदूळ घरी पोचला, हजेरी कागदावर वाढली आणि पोरगं शेळ्यांमागेच राहिलं. नोव्हेंबर २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेलं अन्नच द्या असा आदेश दिला, आणि अण्णा निवृत्त होता होता शाळेत खिचडी शिजू लागली. ती खायला स्वतः यावं लागतं. अण्णा म्हणतात, पस्तीस वर्षांत हजेरीला एवढं कामाचं दुसरं काही बघितलं नाही.

बक्षिसांबद्दल मात्र माझं मत दिवसेंदिवस वाईट होत चाललंय. अमेरिकेत पंधरा हजारांवर विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला होता. पूर्ण हजेरीबद्दल ज्यांना अचानक प्रमाणपत्र पाठवलं, त्यांची हजेरी पुढच्या महिन्यात वाढण्याऐवजी थोडी कमीच झाली. मला याचं नवल वाटलं नाही. आणि ज्याचा पहिल्याच आठवड्यात एक दिवस बुडाला, त्याच्यासाठी तर उरलेल्या वर्षात त्या मेडलला काही अर्थच राहत नाही. खरं तर शाळेला ज्याची काळजी वाटायला हवी तो हाच मुलगा.

आकड्यांचं म्हणाल तर 'असर'च्या पाहणीत २०२४ साली देशातल्या ग्रामीण भागात ६ ते १४ वयाच्या ९८ टक्के मुलांची नावं शाळेत होती. पण पाहणी करणारे ज्या दिवशी सरकारी प्राथमिक शाळेत गेले, त्या दिवशी पटावरच्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांशच मुलं हजर होती. आता नाव कमी होत नाही, कारण एप्रिल २०१० पासून शिक्षणहक्क कायदा आहे आणि मुलाला शाळेतून काढता येत नाही. माझ्या मैत्रिणीच्या वेळी हा कायदा हवा होता. पण नाव राहिलं म्हणजे मूल राहिलं असं नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये आपल्याकडे राज्यभर पटपडताळणी झाली ती आठवतेय? एकच मूल दोन शाळांत मोजलं जाऊ नये म्हणून पोरांच्या बोटांना मतदानासारखी शाई लावली होती! पटावर असलेली आणि प्रत्यक्षात कुठेच नसलेली लाखो नावं तेव्हा निघाली. तुकड्या आणि अनुदान पटावर ठरतं, मग पट फुगणारच.

गुरुजींच्या हजेरीचं काय, असं माझा एक मेहुणा नेहमी विचारतो. त्याचंही बरोबर आहे. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात न सांगता भेट दिल्यावर देशभरातल्या सरकारी प्राथमिक शाळांत चारातले एक शिक्षक जागेवर नव्हते. महाराष्ट्र त्यात सगळ्यात बरा, साधारण १५ टक्के. अर्थात जनगणना, निवडणूक, मतदारयाद्या ही कामं गुरुजींनाच लावायची आणि वर त्यांनी घरोघर फिरावं म्हणायचं, हे मला फोनवर बसून बोलायला सोपं आहे, याची मला कल्पना आहे. चाळीस पोरांमागे अण्णांना ते जमलं, आणि त्यांची बायको घर सांभाळत होती.

तरी मला वाटतं ते असं, की शाळेने टक्के मोजण्याआधी नावं वाचावीत. कोण आलं नाही, कुठल्या वारी येत नाही, कधीपासून येत नाही. मंगळवार चुकत असेल तर बाजार, महिन्यातले ठरावीक चार दिवस चुकत असतील तर बघा मुलींच्या संडासाला कडी आणि पाणी आहे का, पहिला तास चुकत असेल तर एसटीची वेळ. ऊसतोडीच्या गावांत आता हंगामी वसतिगृहं आहेत, मूल गावातच राहतं आणि जेवणाची सोय होते. अण्णा ज्या भाकरीसाठी अडायचे तो प्रश्न सरकारने ओळखला, ही फार चांगली गोष्ट आहे. पण ती दिवाळीनंतर सुरू झाली तर काय उपयोग? ट्रक तोपर्यंत गेलेले असतात. दसऱ्याच्या आधी आईला सांगता आलं पाहिजे की जेवण अमुक दिवसापासून इथे मिळेल, ठेव पोरीला. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी कार्डही निघालं, ते दाखवून कारखान्याजवळच्या शाळेत बसता येतं. पण नव्या गावात, वेगळ्या बोलीच्या वर्गात त्या पोराला पहिल्या दिवशी हाताला धरून कुणी न्यायचं?

आणि परत आलेल्या मुलाला काय म्हणायचं, हे तर फुकटात होणारं काम आहे. "उगवलात का?" हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. सहा महिन्यांनी वर्गात पाऊल टाकणाऱ्या मुलासाठी त्याचं नाव हजेरीत यावं, बसायला जागा असावी आणि चुकलेलं कुठून धरायचं ते कुणीतरी दाखवावं. एवढं नसेल तर ते दुसऱ्या दिवशी येत नाही, हे मी पाहिलेलं आहे.

लेक तीन दिवस घरी होती. तिन्ही दिवशी शाळेच्या ॲपवर सकाळी नऊ वाजून पाच मिनिटांनी मेसेज आला, "आपला पाल्य आज अनुपस्थित आहे." मी पहिल्याच दिवशी ताप असल्याचं कळवलं होतं, त्याला उत्तर आलं की आजारपणाची रजा मेडलसाठी हजेरी म्हणून धरली जाणार नाही. बाईंचा फोन येईल असं मला वाटलं होतं. नाही आला.

चौथ्या दिवशी ती गेली. दुपारी घरी आल्यावर बूट काढता काढता म्हणाली, "आई, बसमधल्या ताई विचारत होत्या, तीन दिवस कुठे होतीस गं, तुझी खिडकी रिकामीच ठेवली होती." मग मेडलचं विचारलं तर म्हणाली, ते आता गेलंच. आणि आजोबांना फोन लाव म्हणाली, त्यांना बसमधलं सांगायचंय.