विस्तव बाहेर, पाणी आत

दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्या भागात साखर कारखान्यांच्या बॉयलर अग्निप्रदीपनाच्या बातम्या येऊ लागतात. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, सगळीकडे तीच लगबग. पूजा होते, नारळ फुटतो, मग बॉयलर पेटतो. पण त्या एका काडीमागे कित्येक आठवड्यांची तयारी असते, हे सभासदांना ठाऊक आहे. नळ्या साफ होतात, झडपा तपासल्या जातात, सरकारी तपासणीचा दाखला घ्यावा लागतो. आणि धूर दूर नेणारी चिमणी तर गावाच्या शिवेवरूनही दिसते.

नेमक्या त्याच दिवसांत आपणही घरोघरी एक लहानसा बॉयलर पेटवतो. त्याला ना तपासणी, ना दाखला, ना चिमणी. तो म्हणजे न्हाणीघरातला गॅस गिझर. उन्हाळा-पावसाळा कोपऱ्यात धूळ खात पडलेला हा डबा थंडीची पहिली चाहूल लागताच नवे सेल घालून चालू केला जातो. गरम पाणी आले की काम झाले, अशी आपली समजूत. आजचा लेख याच समजुतीबद्दल आहे.

वाचकहो, आधी त्यामागचे शास्त्र थोडक्यात पाहू. आपल्या सिलिंडरमधला एक भाग गॅस नीट जळायला त्याच्या पंचवीस ते तीस पट हवा लागते. पुरेशी हवा मिळाली तर ज्योत निळी राहते. हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साईड नावाचा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. डोळे चुरचुरत नाहीत, ठसका लागत नाही. सिलिंडरमधल्या गॅसला गळती कळावी म्हणून मुद्दाम वास दिलेला असतो. या वायूला तोही नसतो. म्हणून ‘वास आला नाही, म्हणजे धोका नाही’ हे इथे लागू पडत नाही.

हा वायू श्वासातून रक्तात गेला की तिथल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट जोराने चिकटतो. एस.टी.त प्राणवायूची जागा अडवून बसलेला हा फुकट्या प्रवासी लवकर उतरायचे नाव घेत नाही. रक्त वाहत राहते, पण मेंदूला आणि हृदयाला प्राणवायू पोचत नाही. डोके दुखते, मळमळते, पायांतले बळ जाते. दाराची कडी काढावी हे कळते, पण हात उचलत नाही. कुणाला फिट येते, कुणी बेशुद्ध पडते, कुणी दगावते.

अशा रुग्णाला दवाखान्यात आणतात तेव्हा घरचे सांगतात, ‘डॉक्टर, पित्त झालं असेल’, ‘रात्री जागरण झालं’, ‘उपास होता’. कुणी बाहेरची बाधाही सांगतात. गिझरचे नाव कुणी काढत नाही, कारण तो गुन्हेगार असेल असे कुणाच्या मनातच येत नाही. न्हाणीघरात पहिल्यांदाच फिट आलेल्या माणसाला मग वर्षानुवर्षे फिटच्या गोळ्या खाव्या लागण्याची शक्यता असते. आपल्या देशातल्या मेंदूविकार तज्ज्ञांनी गॅस गिझरमुळे फिट आलेल्या रुग्णांच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध केल्या आहेत. ही काही ऐकीव गोष्ट नव्हे.

एक प्रश्न गृहिणी हमखास विचारतात. ‘स्वयंपाकाचा गॅस तासन्तास चालतो, तेव्हा काही होत नाही, मग गिझरनेच का?’ प्रश्न रास्त आहे. गिझर तेवढ्याच वेळात शेगडीच्या एका बर्नरपेक्षा कितीतरी पट गॅस जाळतो. स्वयंपाकघराला खिडकी असते, दार उघडे असते. न्हाणीघर असते चार बाय सहाचे, दार आतून बंद आणि थंडी वाजते म्हणून झडपही बंद. त्यातून आपल्याकडचे बोअरचे पाणी क्षारांचे. गिझरच्या नळीत क्षार साचतात, बर्नरवर काजळी आणि कोळ्याची जाळी धरते, ज्योत पिवळी पडते. दिवाळीत अभ्यंगस्नानाच्या पहाटे घरातली सात-आठ माणसे पाठोपाठ नाहतात. न्हाणीघरातली हवा प्रत्येक आंघोळीगणिक बिघडत जाते आणि सर्वांत शेवटी नाहायला जाणारी बहुधा घरातली बाई असते. ती गरोदर असली तर पोटातल्या बाळालाही धोका, आणि तो आईपेक्षा अधिक.

माझे मत स्पष्ट आहे. गॅस गिझरची जागा न्हाणीघरात नाही. आपल्या जुन्या वाड्यांत तांब्याचा बंब असे. तो परसात किंवा पडवीत पेटे आणि पाणी बादलीने आत जाई. विस्तव बाहेर, पाणी आत, हा साधा नियम निरक्षर आजीलाही कळत होता. पक्की घरे झाली, फरशा बसल्या आणि आपण विस्तव उचलून आत नेऊन टांगला. गिझर बाल्कनीत, गच्चीत किंवा बाहेरच्या भिंतीवर आडोशाला बसवून गरम पाण्याची नळी तेवढी आत घेता येते. खर्च थोड्या पाइपाचा आणि प्लंबरच्या एका दिवसाच्या मजुरीचा.

बाहेरच्या देशांतही हाच नियम पाळतात. मुलाकडे अमेरिकेला जाऊन आलेल्यांनी पाहिले असेल, तिथे बऱ्याच ठिकाणी घर गरम करणारे गॅसचे यंत्र असते. पण त्याचा धूर नळीवाटे घराबाहेर जातो आणि हिवाळ्याआधी कारागीर येऊन ते तपासून जातो. छताला किंवा भिंतीला एक लहान डबी असते. विषारी वायू वाढला की ती जोराने किंचाळते. बऱ्याच राज्यांत ती कायद्याने सक्तीची आहे. अशी डबी आता आपल्याकडेही मिळते.

गिझर बाहेर हलवेपर्यंत निदान एवढे करा :

१) थंडीत पहिल्यांदा चालू करण्याआधी जाणत्या कारागिराकडून बर्नर आणि नळी साफ करून घ्या. रबरी नळी चिरलेली किंवा कडक झालेली असेल तर बदला.

२) जोडांवर साबणाचे पाणी लावून पाहा. बुडबुडे आले तर गळती आहे. काडी लावून कधीही पाहू नका.

३) आधी खिडकी उघडा, मग पाणी सोडा, मग गिझर पेटू द्या. ज्योत निळी हवी. पिवळी दिसली किंवा काजळी धरली तर बंद करा.

४) दार उघडे ठेवून बादली भरा. गिझर बंद करा, सिलिंडरचा रेग्युलेटरही बंद करा. थोडी हवा खेळू द्या आणि मगच आत जा. गिझर चालू ठेवून आंघोळ करू नका.

५) दोन आंघोळींच्या मध्ये दार-खिडकी उघडी ठेवा. लहान मुले आणि म्हातारी माणसे यांनी आतून कडी लावू नये.

६) गॅसचा वास आला तर विजेचे बटण चालू-बंद करू नका. रेग्युलेटर बंद करा, दारे-खिडक्या उघडा, बाहेर या आणि १९०६ ला फोन करा.

आत कुणी पडलेच तर दार उघडा, गॅस बंद करा आणि माणसाला ताबडतोब मोकळ्या हवेत आणा. स्वतः आत रेंगाळू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका, तोंडात पाणी घालू नका. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा, अंगावर पांघरूण घाला. श्वास बंद असेल तर छाती दाबणे सुरू करा. १०८ ला फोन करा आणि डॉक्टरांना पहिले वाक्य हेच सांगा : ‘गॅस गिझर चालू होता.’ या एका वाक्याने उपचाराची दिशा बदलते. मास्कमधून भरपूर प्राणवायू देणे हा खरा उपचार आहे. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध प्राणवायूवर साधारण तास-दीड तास.

कोरोनाच्या साथीत घरोघरी घेतलेले बोटाला लावायचे ऑक्सिमीटर इथे फसवतात. ते प्राणवायू आणि हा विषारी वायू यांतला फरक ओळखत नाहीत. माणूस गंभीर असताना ९८ दाखवू शकतात. त्या आकड्यावर विसंबून घरी थांबू नका. माणूस शुद्धीवर आला तरी दाखवा, कारण विसराळूपणा किंवा चालण्यात अडखळणे असे परिणाम काही दिवसांनी, कधी आठवड्यांनीही दिसतात.

हाच नियम बाळंतिणीच्या खोलीतल्या शेगडीला लागू आहे. शेक-शेगडीची हौस असेल तर दार-खिडकी उघडी ठेवा, आणि धगधगते निखारे खोलीत ठेवून झोपू तर मुळीच नका. ऊसतोडीच्या कोपीत थंडीने कुडकुडणाऱ्या माणसांनाही हे कुणीतरी सांगायला हवे. मुकादम आणि शेतकरी यांनी ते काम करावे.

शेवटी दोन विनंत्या. घरे बांधणाऱ्यांनी न्हाणीघराला झडपेपुरते भोक ठेवून समाधान मानू नये. गिझरसाठी बाहेर जागा आणि पाइप आधीच काढून द्यावेत. आणि बारामती-इंदापूरच्या दुकानदारांनी व प्लंबर मंडळींनी एवढेच ठरवावे की गिझर बंद न्हाणीघरात बसवायचा नाही, गिऱ्हाइकाने कितीही आग्रह केला तरी. एका हंगामात पाच-पंचवीस गिऱ्हाइके कुरकुरतील. पण दिवाळीच्या पहाटे एखाद्या घराच्या न्हाणीघराचे दार फोडावे लागणार नाही.