आमची लाल दिव्याची गाडी



गेल्या दोन अंकांत हे सदर आलं नाही, तेव्हा संपादकांचा निरोप आला, "प्रकृती बरी आहे ना?" माझी बरी होती. गाडीची नव्हती.

मुलाच्या दारात लाल दिव्याची गाडी यावी, असं आपल्या आई-वडिलांच्या पिढीला फार वाटायचं. म्हणजे मुलानं कलेक्टर व्हावं. मी बी. ई. करून सॉफ्टवेअरमध्ये शिरलो आणि आमच्या घराचा तो योग हुकला. पण यंदाच्या जुलैत पलासियाला आमच्या घरासमोर लाल दिव्याची गाडी उभी राहिली खरी. फक्त दिवा छपरावर नव्हता, डॅशबोर्डवर होता. तेलाच्या किटलीचं चित्र असलेला.

आधी गाडीबद्दल. वेगाच्या गाड्यांचं वेड मला कॉलेजपासून. आपल्या इंदूरला ते नवीनही नाही. माणिकबागेत राहणाऱ्या महाराजा यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी १९३५ च्या सुमारास अमेरिकन ड्यूसेनबर्ग गाडी घेतली होती. तिचं इंजिन आठ सिलिंडरचं, सुपरचार्जर लावलेलं, आणि बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगकडून बनवून घेतलेली. आजही जगभरचे शौकीन त्या गाडीचं नाव आदरानं घेतात. आणि पीथमपूरला २०२१ मध्ये नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक सुरू झाला, तेव्हा आम्हा इंदूरच्या पोरांना आपणच शर्यत जिंकल्यासारखं वाटलं होतं. तिथं आपल्याला कोणी गाडी पळवू देत नाही, ही गोष्ट वेगळी.

तर मे महिन्यात मी सेकंडहँड सेडान घेतली. दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, सात वर्षं जुनी, मीटरवर ५२,००० किलोमीटर, किंमत साडेतेरा लाख. डीलरनं व्हॉट्सॲपवर लिहून दिलं होतं, "इंजिन कंपनीचं जसंच्या तसं, पूर्ण सर्व्हिस हिस्टरी." ती हिस्टरी मी मागितली का? नाही. रंग पाहिला, सायलेन्सरचा आवाज ऐकला, बायपासवर एक चक्कर मारली आणि टोकन देऊन आलो. ऑफिसात कोणी दोन ओळींचा बदल न तपासता पुढं ढकलला तर मी त्याला तासभर सुनावतो. साडेतेरा लाखांची वस्तू मात्र आवाजावर घेतली.

बाबांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि एकच प्रश्न विचारला, "आधीच्या मालकानं तेल कधी बदललं होतं?" मी म्हटलं, "बाबा, आजकालच्या गाड्यांना असं काही विचारायचं नसतं." हे वाक्य पुढं मला फार महाग पडलं.

जुलैतला रविवार. मी, बायको आणि लेक देवासहून परत येत होतो. बायपासवर मी गाडी जरा मोकळी सोडली होती. विजयनगर मागे टाकलं आणि एलआयजी चौराह्याच्या सिग्नलला गाडी उभी असताना तो लाल दिवा लागला. सोबत टिंग असा आवाज. बायको म्हणाली, "अरे, थांब ना बाजूला." मी म्हणालो, "घर दोन किलोमीटरवर आलंय. तेल थोडं कमी असेल, घरी जाऊन बघतो."

इथंच चुकलं. पिवळा दिवा "बघून घे" म्हणतो. लाल किटली "आत्ता, याच क्षणी बंद कर" म्हणते. हा दिवा तेल किती आहे ते सांगत नाही, तेलाचा दाब गेला आहे हे सांगतो. क्रँक आणि बेअरिंग यांच्यामध्ये तेलाचा केसाहून बारीक थर असतो आणि तो दाबावरच टिकतो. गाडी साधी चालवताना, म्हणजे मिनिटाला ३,००० फेऱ्यांवर, क्रँक एका सेकंदात ५० वेळा फिरतो. टर्बोचं चाक तर मिनिटाला लाखावर फेऱ्या घेतं आणि त्यालाही तेच तेल लागतं. थर तुटला की लोखंड लोखंडावर घासतं. त्यासाठी दोन किलोमीटर हे फार मोठं अंतर आहे.

इंडस्ट्री हाउसपाशी खालून टकटक ऐकू येऊ लागली. पलासिया चौराह्यावर ती खणखण झाली. आमच्या गल्लीत वळताना आतून एक धक्का बसला आणि गाडी बंद पडली. लेकीनं विचारलं, "बाबा, तुटली का?" मी म्हटलं, "नाही गं, गरम झालीये."

दुसऱ्या दिवशी गाडी ट्रकवर चढवून माझ्या ओळखीच्या उस्तादांकडे नेली. त्यांनी क्रँक हातानं थोडा फिरवला, कान लावला आणि म्हणाले, "भिया, ये इंजन तो बोल रिया है." मग खालचा तेलाचा चेंबर उघडला. तेल उपसणाऱ्या नळीच्या तोंडाशी जाळी असते. ती डांबरासारख्या काळ्या गाळानं जवळजवळ बुजली होती. ऑइल फिल्टर कापला, तर घडीघडीत धातूचा चुरा, राखीच्या चमकीसारखा. तिसऱ्या सिलिंडरचं कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग जागेवरून फिरलं होतं, क्रँकवर चरे पडले होते.

मग मी ते काम केलं, जे मे महिन्यात करायला हवं होतं. चॅसिस नंबर देऊन सर्व्हिस रेकॉर्ड काढवलं. शेवटचा ऑइल बदल ३१,००० किलोमीटरवर! त्यानंतर मी गाडी घेईपर्यंत २१,००० किलोमीटर तेच तेल. शिवाय ईसीयू स्कॅन केला तेव्हा कळलं, की आधी कोणीतरी त्यात दुसरा प्रोग्रॅम टाकून टर्बोचा दाब वाढवला होता. आमच्या भाषेत सांगायचं, तर कागदपत्रं नसलेला, कोणीतरी मधेच हात घातलेला जुना कोड मी चालू सर्व्हरवर चढवला होता.

आता खर्च. नवीन इंजिन नऊ लाखांच्या पुढं. दिल्लीहून जुनं इंजिन साडेतीन लाखांत मिळत होतं, पण ते कोणत्या गाडीतून निघालंय याची हमी कोण देणार? शिवाय इंजिन बदललं की नंबर बदलतो आणि तो आरटीओत जाऊन आरसीवर चढवून घ्यावा लागतो. तिसरा रस्ता म्हणजे हेच इंजिन बांधायचं. नवा क्रँक, बेअरिंग, रिंगा, ऑइल पंप, टर्बोची दुरुस्ती. साडेचार लाख.

आणि इथं गोष्टीतला दुसरा लाल दिवा लागला.

माझ्या विम्यात इंजिन प्रोटेक्शनचं ॲड-ऑन होतं. पण नेहमीची पॉलिसी झीज आणि यांत्रिक बिघाड भरून देत नाही, आणि हे ॲड-ऑन मुख्यतः पाणी शिरलं किंवा खालून मार लागून तेल गळालं, अशा नुकसानीसाठी असतं. गाळानं जाळी बुजली, याचे पैसे मिळत नाहीत. हे मी एका क्लेमची कामं करणाऱ्या गृहस्थांना सांगितलं तर ते हसले. "साहब, बारिश का सीज़न है. पानी घुस गया लिख देंगे. पूरा इंदौर डूबा था उस हफ़्ते."

खरं सांगतो, मी लगेच नाही म्हटलं नाही. दोन रात्री विचार केला. साडेचार लाख म्हणजे लेकीच्या नावानं ठेवलेली एफडी. माझं मन सांगत होतं, हप्ते भरतोस की, मग काय बिघडलं? आणि सगळेच तर करतात. तिसऱ्या रात्री जेवणाच्या टेबलावर फॉर्म भरायला घेतला. नाव, पॉलिसी नंबर, तारीख. मग रकाना आला, "घटनेचं वर्णन". पेन तिथंच थांबलं.

बायको ताटं उचलत होती. तिनं वाचलं आणि शांतपणे विचारलं, "सर्व्हेअर घरी आला आणि मला विचारलं, तर मी काय सांगायचं? मी पण गाडीत होते." थोड्या वेळानं म्हणाली, "आणि हिला काय शिकवायचं?"

मी इंजिनिअर आहे, त्यामुळे पहिल्यांदा सुटकेसाठी तांत्रिक कारण शोधलं. पाणी शिरलं तर ते सिलिंडरमध्ये दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, एअर फिल्टर भिजलेला सापडतो. आमच्या इंजिनात तर काळा गाळ होता. पन्नास हजारांवरच्या नुकसानीला परवानाधारक सर्व्हेअर येतोच, तो पाच मिनिटांत ओळखेल. पण खरं कारण ते नव्हतं. पकडलो गेलो नसतो तरी मला कळलं होतं, की मी पुन्हा एलआयजीच्या सिग्नलवर उभा आहे. दिवा लागलाय, बायको थांब म्हणतेय आणि मी म्हणतोय, दोनच किलोमीटर तर आहेत. या वेळी थांबलो. फॉर्म तसाच अर्धा राहिला.

मग सरळ रस्ता धरला. डीलरला वकिलामार्फत नोटीस पाठवली. सोबत त्याचा व्हॉट्सॲप मेसेज, सर्व्हिस रेकॉर्ड, ईसीयूचा रिपोर्ट आणि उस्तादांनी काढलेले फोटो. सुरुवातीला उत्तर आलं, "जुनी गाडी, जशी आहे तशी विकली." पण धंदा म्हणून गाडी विकणाऱ्यानं खोटी माहिती दिली, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ लागू होतो. तक्रार आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगात करता येते, दोन वर्षांची मुदत असते आणि माझ्या गाडीच्या किमतीला शुल्क होतं फक्त ४०० रुपये. तक्रारीचा मसुदा तयार झाल्याचं कळल्यावर डीलरचा फोन आला. सव्वा लाखावर तडजोड झाली.

वकील म्हणाले, अजून ओढता येईल. मी म्हटलं, नको. त्यांना मी ते दोन किलोमीटर आधीच सांगितले होते. उस्तादांचं मत होतं, की दिवा लागताच थांबलो असतो तर कदाचित क्रँक वाचला असता. म्हणजे बिलातला काही भाग डीलरचा, काही आधीच्या मालकाचा आणि उरलेला माझा. माझ्या भागासाठी एफडी मोडली. लेकीला सांगून मोडली. ती म्हणाली, "पण परत भरशील ना?" भरतोय, दर महिन्याला.

आता आपल्या मंडळातल्या ज्या मुला-मुलींच्या डोक्यात अशीच गाडी घोळत असेल, त्यांच्यासाठी चार गोष्टी.

एक, टोकन देण्याआधी चॅसिस नंबरवरून सर्व्हिस रेकॉर्ड काढवा. रेकॉर्ड मधेच तुटलं असेल, तर तो खड्डा आहे असं समजा.

दोन, गाडी विकणाऱ्याच्या नाही, तर तुमच्या मेकॅनिककडून तपासून घ्या. स्कॅनर लावा, कॉम्प्रेशन बघा, तेलाचं झाकण उघडून आत गाळ दिसतो का ते पाहा. चार-पाच हजार खर्च येईल. मी ते वाचवले होते.

तीन, विक्रेता जे बोलतो ते लिहून घ्या. आणि विकणारा डीलर आहे की घरगुती मालक, हे लक्षात ठेवा. सहज आपली गाडी विकणाऱ्या माणसाविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येत नाही. काही अडलं तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

चार, लाल दिवा लागला की थांबा. सिग्नल असो, पाऊस असो, मागचा हॉर्न वाजवत असो. इंजिन बंद करा आणि ट्रक बोलवा. ट्रकला दोन-तीन हजार लागतात.

पूर्वी घोडा घेणारा मोतद्दारही ठेवायचा. होळकरांकडे गाड्यांसाठी माणसं होती, आपल्याकडे आपण स्वतः आहोत. जोरदार इंजिन घेतलं, की कंपनीनं सांगितलेल्या मुदतीची वाट न पाहता सात-आठ हजार किलोमीटरवर तेल बदलायचं, लांब पळवल्यावर मिनिटभर सावकाश चालवून मग बंद करायची. हे जमणार नसेल, तर साधी गाडी घ्यावी. तीही पोहे-जिलेबीला छप्पन दुकानपर्यंत नेतेच.

सप्टेंबरात गाडी परत आली. पहिले हजार किलोमीटर हळू चालवायची होती, म्हणून बाबांना शेजारी बसवून गीता भवनपर्यंत चक्कर मारली. घरी आल्यावर त्यांनी कपाटातून एक जुनी डायरी काढून दिली. त्यांच्या बजाज स्कूटरची. १९८९ पासून प्रत्येक ऑइल बदल, प्रत्येक प्लग, तारीख आणि किलोमीटरसकट निळ्या शाईत. शेवटी बरीच पानं कोरी होती.

"वाया कशाला घालवायची," ते म्हणाले.

पुढच्या कोऱ्या पानावर मी लिहिलं आहे: इंजिन बांधलं, ५५,१८० किलोमीटर. त्याखाली पहिला ऑइल बदल, ५६,२०० किलोमीटर. पुढच्या अंकात भेटूच.