खरखरीआडचा सूर

निवृत्तीनंतर हाती थोडा पैसा आणि पुष्कळ वेळ आला की जुनी हौस डोके वर काढते. नांदेड-लातूरच्या काही घरांतही आता उत्तम अ‍ॅम्प्लिफायर आणि मोठे स्पीकर दिसू लागले आहेत. या हौशी मंडळींची एक तक्रार मात्र हटकून कानी येते : "यंत्र नवे घेतले आणि जुनी गाणी ऐकवेनाशी झाली."

तक्रार खरी आहे. साध्या ट्रान्झिस्टरचा लहान स्पीकर फार उंच आणि फार खालचे स्वर नीट वाजवीतच नाही. त्यामुळे ध्वनिमुद्रणातील सळसळ आणि घरघर आपोआप झाकली जाते. उत्तम यंत्र काहीही झाकत नाही. निःस्पृह लेखापरीक्षकाप्रमाणे ते प्रत्येक दोषावर बोट ठेवते. परंतु दोष दाखविणे एवढाच लेखापरीक्षकाचा अधिकार. खाते बंद करावे की चालू ठेवावे, हे आपणच ठरवायचे असते.

हे दोष कोठून आले, तेही पाहावे. भारतात व्यावसायिक ध्वनिमुद्रण 1902 साली कोलकात्यात सुरू झाले. 1925 च्या सुमारास विद्युत ध्वनिमुद्रण येईपर्यंत मायक्रोफोन नव्हता. गायकाने भोंग्यासमोर गायचे आणि आवाजाच्याच जोराने मेणावर रेषा कोरली जायची. पुढे मायक्रोफोन आला, तरी तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन-साडेतीन मिनिटेच मिळत. उस्ताद अब्दुल करीम खाँ 1937 साली निवर्तले. त्यांचे गाणे आपल्या पिढीपर्यंत पोहोचले ते अशाच तबकड्यांमुळे. केसरबाई केरकरांची साडेतीन मिनिटांची भैरवी तर 1977 साली व्हॉयेजर यानांसोबत अवकाशात गेली. निव्वळ ध्वनीची सफाई हाच निकष असता, तर त्या जुन्या मुद्रणाची निवड झाली असती का?

थोडी काळजी घेतल्यास यातील बराच त्रास कमी होतो. 78 फेऱ्यांच्या तबकडीची खाच रुंद असते, तिला एल.पी.ची बारीक सुई लावली की सुई तळाशी घासते आणि खरखर वाढते. तिच्यासाठी निराळी, जाड सुई मिळते. अ‍ॅम्प्लिफायरवर 'मोनो'चे बटण असल्यास ते दाबावे; खाचेतील वरखाली कंपनांचा गोंगाट त्याने बराच घटतो. कॅसेट लावण्यापूर्वी प्लेअरचे हेड पुसून घ्यावे. संगणकावर खरखर काढण्याचा मोह मात्र आवरावा. तंबोऱ्याच्या जवारीतील सूक्ष्म स्वर त्या खरखरीतच मिसळलेले असतात. एक काढताना दुसरे जातात.

लातूरच्या एका स्नेह्यांकडे त्यांच्या आईच्या ओव्यांची कॅसेट आहे. औसा तालुक्यातील गावी, भर उन्हाळ्यात, घरगुती टेपरेकॉर्डरवर भरलेली. नव्या यंत्रावर ती लावताच आधी छताच्या पंख्याचा आवाज खोलीभर झाला. स्नेही खट्टू होऊन ती काढू लागले. त्यांच्या भगिनी म्हणाल्या, "दादा, राहू द्या." दोन ओव्या झाल्यावर पंखा मागे पडला. मग जात्याची घरघर निराळी ऐकू आली आणि ओवी संपताना आईने घेतलेला श्वासही. जुन्या टेपरेकॉर्डरवर तो श्वास कधीच ऐकू आला नव्हता. ज्या यंत्राने पंखा मोठा केला, त्यानेच हा श्वासही दिला. आई जाऊन बारा वर्षे झाली आहेत.

व्यावसायिक गायकांच्या तबकड्या संग्राहकांकडे, आकाशवाणीकडे आणि कंपन्यांकडे तरी असतात. अशा घरगुती कॅसेटची दुसरी प्रत कोठेही नसते. मराठवाड्याच्या उन्हात, माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत ती फीत वर्षानुवर्षे चिकटत आणि झिजत असते. "आवाज चांगला नाही" म्हणून ती भंगारात गेली, तर पुन्हा भरून घेण्यास ती व्यक्ती आता नाही.

तेव्हा वाचकहो, येत्या सुटीत ती पेटी खाली काढावी. फीत चिकटली असल्यास ओढाताण न करता जाणकाराकडे न्यावी. सुस्थितीतील कॅसेट एकदा शांतपणे ऐकावी, काहीही न गाळता तिची प्रत करावी आणि वेष्टनावर आवाज कोणाचा, गाव कोणते, साल कोणते, एवढे शाईने लिहून ठेवावे. ही नोंद सांगू शकणारी माणसे घरात आहेत, तोवरच हे काम उरकायला हवे.