शांत खोली कुणाच्या बापाची?

करोनानं आम्हाला आमचं घर परत दिलं, असं लिहिणाऱ्यांची एक टोळीच या राज्यात तयार झालीय. २०२० पासून बघतेय. रविवारच्या पुरवण्या झाल्या, दिवाळी अंक झाले, आता आठवणींचे लेख. नवऱ्यानं पहिल्यांदा कांदा चिरला. मुलानं कुंडीला पाणी घातलं. बाल्कनीत चिमण्या आल्या. सगळ्यांनी मिळून दूरदर्शनवर रामायण बघितलं (२८ मार्च २०२० पासून तेवढी सोय सरकारनं फार तत्परतेनं केली होती) आणि म्हणे कुटुंब म्हणजे काय ते कळलं.

कळलं ना? मग आता आमचं ऐका.

मी चेंबूरच्या एका वस्तीत राहते. दहा बाय बाराची खोली, वर पोटमाळा. माणसं सात. आई, बाबा, दादा, वहिनी, त्यांची दोन पोरं आणि मी. मोरी आत, संडास बाहेर रांगेचा, नळ पहाटे साडेचारला. आम्हाला कुणी घर परत दिलं नाही, कारण ते हरवलंच नव्हतं. वस्तीतलं घर पाळीनं वापरायचं असतं. एक कामावर गेला की दुसऱ्यानं पाठ टेकायची, पोरं शाळेत गेली की बाईनं जमीन पुसायची. २४ मार्चला रात्री आठ वाजता पंतप्रधान टीव्हीवर आले आणि चार तासांनी, बाराच्या ठोक्याला, सगळ्या पाळ्या एकदम घरात आल्या. वरून पोलीस ओरडतोय, घरी राहा. अरे राहतो बाबा, पण उभं राहू का बसू ते तरी सांग.

माझं काम फोनवर बोलायचं. हप्ते थकलेल्यांना आठवण करून द्यायची. एप्रिलमध्ये कंपनीनं सांगितलं, आता घरून काम. आधी बरं वाटलं. लोकलच बंद होती, नोकरी टिकली हेच खूप. मग कळलं घरून काम म्हणजे काय ते. कंपनीच्या खुर्चीऐवजी माझा पोटमाळा, जिथं उभं राहिलं तर डोक्याला पत्रा लागतो आणि मे महिन्यात त्या पत्र्यावर भाकरी भाजता येईल. कंपनीच्या विजेऐवजी आमचं मीटर. कंपनीच्या इंटरनेटऐवजी माझं रिचार्ज. नऊ तासांचे अकरा झाले, का तर तुमचा प्रवासाचा वेळ वाचतो ना! वाचला तो वेळ मालकाचा झाला. आणि चहा? ऑफिसात चहा देणाऱ्या पोऱ्याला कंपनी पगार देत होती. घरी तो वहिनीनं दिला. अकरा तासांत चार वेळा, शिडी चढून, कडेवर पोर घेऊन. म्हणजे एका पगारात मालकाला दोन बाया मिळाल्या. कॉम्रेड लोक अतिरिक्त मूल्यावर तीन तास बोलतात. त्यात ही वहिनी कुठं बसते ते एकदा फळ्यावर मांडून दाखवा.

एक दिवस शेजारच्या खोलीत मारामारी झाली. मारामारी म्हणजे काय, तो मारत होता आणि ती मार खात होती. मधे नुसता पत्रा. माझा फोन चालू. आवाज पलीकडे गेला. संध्याकाळी साहेबानं माझे गुण कापले. शेरा काय, तर पाठीमागचा आवाज. वर प्रेमानं सल्ला दिला, घरातली एखादी शांत खोली बघून घ्या.

एखादी शांत खोली! म्हणजे या माणसाच्या डोक्यात प्रत्येकाच्या घरात चार-पाच खोल्या असतात आणि त्यातली एखादी शांत असते. त्याला मी शिवी देत नाही. तो बिचारा त्याच्या जातीवर्गानं त्याला जेवढं जग दाखवलं तेवढंच बघतोय. पण सरकारनं जेव्हा साऱ्या देशाला घरात बसवलं, तेव्हा त्याच्याही डोक्यात हीच शांत खोली होती. आजाऱ्यानं वेगळ्या खोलीत राहावं, वेगळा संडास वापरावा, अशी पत्रकं आमच्या वस्तीत वाटली. आम्ही त्या कागदावर पोरांना खाऊ दिला.

आणि घरून काम, घरून काम म्हणून जे कौतुक चाललंय ना, ते आमच्या बायकांना शिकवू नका. सोलापूरच्या बायका किती पिढ्यांपासून घरात बसून विड्या वळतायत? आमच्या गल्लीत राख्या चिकटवल्या जातात, शर्टांचे धागे कापले जातात, खोट्या दागिन्यांचे खडे बसवले जातात. नगावर पैसे. पाठीचा कणा वाकडा, डोळे गेले, पोरं त्याच गोंदात लोळत मोठी झाली. तेव्हा त्याला कुणी घरून काम म्हटलं नाही. फावल्या वेळचं काम म्हटलं. बाबूलोक घरी बसले आणि त्यांची पाठ दुखायला लागली, तेव्हा कुठं घरातल्या कामाचे कष्ट या देशाला दिसले.

माझी आई टॉवरमध्ये चार घरची धुणीभांडी करायची. २२ मार्चला संध्याकाळी पाच वाजता त्या टॉवरच्या सगळ्या गॅलऱ्यांतून थाळ्या वाजल्या. आई दारात उभी राहून ऐकत होती. म्हणाली, वाजवतायत त्या थाळ्या सकाळी मीच घासून आलेय. दुसऱ्या दिवसापासून तिला गेटवर अडवलं. बाहेरचे लोक रोग आणतात! महाराष्ट्रात पहिले रुग्ण ९ मार्चला पुण्यात सापडले, ते दुबईची सहल करून आलेले. रोग विमानातून आला. आमची आई उभ्या जन्मात विमानात बसलेली नाही. पुढं जुलैत महापालिकेनं तीन वॉर्डांत रक्त तपासलं, आमचा एम-पश्चिम त्यातच होता. झोपडपट्टीत शंभरातल्या ५७ जणांना लागण होऊन गेलेली निघाली, सोसायट्यांत १६ जणांना. सांगा, कोणाला कोणापासून धोका होता? शांत खोली असलेला वाचला आणि नसलेला सापडला, इतका साधा हिशेब आहे हा. पण गेटवर बंदूक लावून ताप मोजला तो आईचा.

ऑगस्टमध्ये दोन घरांनी परत बोलावलं. लिफ्ट वेगळी, चपला खाली, कप वेगळा. कप आधीही वेगळाच होता. आता त्याला शास्त्राचा आधार मिळाला. सामाजिक अंतर हा शब्द ज्यानं पहिल्यांदा मराठीत छापला त्याला आमच्या आज्याच्या पिढीत नेऊन सोडायला पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेलाही मार्च २०२० मध्येच कळलं की शब्द चुकतोय, शारीरिक अंतर म्हणा. आमच्याकडे मात्र सामाजिक अंतरच चाललं, फलकावर, बसवर, रेशनच्या दुकानावर. जीभ कशी अडखळेल? शब्द घरचाच होता.

दादाला घरी बसायची सोय नव्हती. कंत्राटावर कचऱ्याच्या गाडीवर आहे तो. कुणाचा कचरा उचलतोय, त्यात कुणाचे मास्क, कुणाचे हातमोजे, काही पत्ता नाही. टीव्हीवर त्याला योद्धा म्हणत होते. योद्ध्याला सुरुवातीला एक कापडी मास्क मिळाला, तो वहिनी रोज धुवायची. पोरांना लागण होईल म्हणून तो तीन आठवडे विहाराच्या ओट्यावर झोपला. पोरगी लांबून हात हलवायची. कुटुंब म्हणजे काय ते आम्हालाही कळलं, ते असं.

१३ मार्च २०२० ला राज्यात साथीचा कायदा लागू झाला तो १८९७ चा. प्लेगचा. त्या प्लेगचा इतिहास शाळेत शिकवतात त्यात काय असतं? गोरे सोजीर पुण्याच्या वाड्यांत शिरले, देवघरात बूट घालून गेले, आणि रँडला गोळी घातली. घर बाटलं म्हणून इतिहास घडला. त्याच वर्षी, त्याच पुण्याच्या वेशीवर सावित्रीबाई फुले मुंढव्याच्या महारवाड्यातलं प्लेगनं फणफणलेलं पोर पाठीवर घेऊन दवाखान्याकडं गेल्या आणि १० मार्चला त्याच प्लेगनं गेल्या. डॉक्टर होता त्यांचा यशवंत. माय आणि लेक दोघांनी घर सोडून माळावर दवाखाना टाकला. साथीच्या काळात घरी कसं राहावं हे सांगणारे सतराशे साठ. साथीच्या काळात दुसऱ्याच्या घरात शिरणारी ही एक बाई तुमच्या पुरवणीला आठवली नाही.

आता जरा आपल्या माणसांकडे वळते. कान टवकारा.

माझं हे रडगाणं ऐकून चळवळीतले एक ज्येष्ठ म्हणाले, पोरी, बाबासाहेब परळच्या चाळीत एका खोलीत शिकले, जात्याशेजारी झोपले, रात्री दोनला उठून अभ्यास केला. तुला पोटमाळा आहे, तक्रार काय करतेस? हे ऐकून ऐकून माझे कान किटलेत. बाबासाहेबांची खोली आमच्या पोरींना हाणायची काठी झालीय. त्या बीआयटी चाळीत रमाई काय करत होत्या? गोवऱ्या थापत होत्या. पोरं पुरत होत्या. आणि बाबासाहेबांनी त्या खोलीचं कौतुक कधी केलं? एका खोलीत भागत नाही हे कळल्यावर त्यांनी हिंदू कॉलनीत राजगृह बांधलं, पुस्तकांना जागा पाहिजे म्हणून. त्यांना शांत खोली पाहिजे होती आणि त्यांनी ती मिळवली. ती मागायचा हक्क त्यांनी आम्हाला दिला, सोसायचा उपदेश नाही. ७ जुलै २०२० ला, सारा देश घरात असताना, त्याच राजगृहात घुसून कुंड्या फोडल्या. एका दलिताचं घर, त्याच्या भिंती, त्याची शांतता अजून डोळ्यांत खुपते. आणि तुम्ही आम्हाला पोटमाळ्यात समाधानी राहा म्हणता!

१४ एप्रिल २०२० ची जयंती आपण घराघरांत केली. सकाळी दहाला पंतप्रधानांनी टाळेबंदी ३ मेपर्यंत वाढवली, संध्याकाळी आपल्या एका वक्त्याचं फोनवर व्याख्यान होतं. विषय, फुले-आंबेडकर आणि स्त्रीमुक्ती. पडद्यावर मागं त्यांची बायको पोळ्या लाटताना दिसत होती. त्यांच्या लक्षात आलं तसा त्यांनी कॅमेरा वळवला.

पाठीमागचा आवाज साहेबालाही नको आणि नेत्यालाही नको.

४ मे २०२० ला राज्यात दारूची दुकानं उघडली. माझ्या भाचीची शाळा उघडली १५ डिसेंबर २०२१ ला. मधे दीड वर्षाहून जास्त काळ. जूनपासून तिचे वर्ग फोनवर, आणि घरात चालणारा फोन एकच, माझा. तिचा तास नऊ ते बारा, माझी पाळी दहापासून. बाबा नाक्यावरचे रंगारी, नाका ओस. आईची घरं बंद. दादाचा पगार दोन-दोन महिने लटकलेला. माझा फोन म्हणजे घरातलं पीठ. रेशनचा माणशी पाच किलो तांदूळ आला, पण नुसता तांदूळ कोण खातो? तेल, मीठ, गॅस, मोरीचा साबण? फोन मीच वापरला. भाची दहाला हात पुढं करायची आणि म्हणायची, घे आत्या. पोरगी चौथीत होती. परत शाळेत गेली तेव्हा पाढे विसरली होती, मान खाली घालायला शिकली होती. वहिनी माझ्याशी आठ-आठ दिवस बोलायची नाही. तिचं चूक काय? दोन बायकांना एका फोनवर भांडायला लावलं आणि वरून म्हणतायत, घराघरांत संवाद वाढला.

बाबा, दादा, गल्लीतले सगळे बाप्ये महिनोन् महिने घरात किंवा ओट्यावर. पाण्याच्या रांगेत किती उभे राहिले? मी मोजले. आमच्या गल्लीत तिघं. बाकीचे पत्ते कुटत होते. ब्राह्मण्य बाहेरच्या टॉवरमध्ये राहतं असं समजून आपण भाषणं ठोकतो. ते आपल्या मोरीपाशीही उकिडवं बसलेलं असतं, भांडी घासायला दुसऱ्याची वाट बघत.

तेव्हा आता आठवणी पुरे, हिशेब काढा. माझ्या आईचा सांगते. चार घरं, ३०००, २५००, २००० आणि २०००. महिन्याचे ९५००. एप्रिल ते जुलै चार महिने, ३८०००. एका घरानं एप्रिलचे २००० हातावर ठेवले. राहिले ३६०००. एप्रिल २०२१ मध्ये राज्य सरकारनं घरकामगारांना १५०० रुपये जाहीर केले, पण नोंदलेल्यांना. २००८ चा घरकामगार मंडळाचा कायदा आहे, आईची नोंदणी एकदा झालीही होती, नूतनीकरण राहिलं. ते पंधराशेही गेले. वहिनीच्या चहाचे, पाण्याचे, शाळेचे, आजारपणाचे पैसे यात धरलेले नाहीत. त्यांचा दर अजून कुणी ठरवलेला नाही. तो आपल्याला ठरवावा लागेल, आणि त्या बैठकीत चहा पुरुषांनी करायचा.

विहारात एक वही ठेवलीय. गल्लीतल्या प्रत्येक बाईनं यायचं. नाव, किती घरं, किती पगार, किती महिने बुडाले, कुणाची नोंदणी आहे, कुणाची संपली. लिहिता येत नसेल तर मी लिहून घेईन. आतापर्यंत एकेचाळीस बायका आल्या. रविवारी सकाळी अकराला, नळ गेल्यावर. पोरं आणली तरी चालेल, आवाज झाला तरी चालेल.